टर्बोला दोन मिनिटं

२ एप्रिल, रविवार

गाडी आली. स्टेशन वॅगन. टर्बो. डिकी एवढी लांब की आत माणूस पाय पसरून झोपेल. झोपून पाहिलं. मावलो.

गाडी निव्वळ घरासाठी घेतली आहे हे इथे लिहून ठेवतो, कारण घरात कुणाला ते पटत नाही. जुलैत ठकी शिकायला परगावी जाणार, होस्टेलवर. सहा तासांचा रस्ता, मध्ये घाट. गादी, सायकल, टेबलफॅन, पुस्तकांची खोकी आणि आम्ही तिघं, हे सगळं जुन्या गाडीत मावणं अशक्य. ही म्हणाली, एका दिवसाच्या सामानासाठी टेम्पो मिळतो. मग हिला टर्बो समजावला. इंजिनचा उच्छ्वास वाया घालवायचा नाही, त्यावर एक चक्र फिरवायचं, आणि त्या चक्राने इंजिनला आणखी हवा भरायची. ही म्हणाली, म्हणजे आपल्याच वाऱ्यावर फुगायचं, असंच ना? आणि उगाच माझ्याकडे बघत राहिली.

संकल्प: लेकीला होस्टेलवर मीच सोडणार. घाट उतरला की रस्ता सरळ आहे. तिथे तिच्याशी नीट बोलायचं. अठरा वर्षांत निवांत असं बोलणं झालेलं नाही. मुद्दे काढून ठेवीन.

५ एप्रिल

सर्वांना नियम सांगितले. गाडी थांबली तरी इंजिन लगेच बंद करायचं नाही. टर्बो तापलेला असतो, त्याला दोन मिनिटं द्यायची. तोवर कुणी उतरायचंही नाही, दारांच्या उघडझापीने माझं लक्ष विचलित होतं.

आज कोपऱ्यावरून आइस्क्रीम आणलं. एवढ्याशा अंतरात टर्बो तापत नाही हे मलाही कळतं. पण तत्त्व ते तत्त्व. आइस्क्रीम सगळ्यांनी पेल्यातून प्यायलं.

१६ एप्रिल

ठकीचं लायसन्स आलं. बाबा, आता मला ही गाडी शिकव, म्हणाली. मी म्हटलं, अवश्य. फक्त पहिलं सर्व्हिसिंग होऊ दे. नवं इंजिन नवख्या हातात द्यायचं नसतं. ती म्हणाली की जुन्या गाडीच्या वेळी मी, नवी आली की शिकवतो, म्हटलं होतं. पोरांची स्मरणशक्ती अभ्यास सोडून सगळीकडे चालते.

७ मे

मेव्हणा जेवायला आला. हिचा धाकटा भाऊ. त्याच्या गाडीला सगळे डबडं म्हणतात, तो स्वतःही. एक आरसा चिकटपट्टीवर तगून आहे, मागचं दार दोरीने ओढून घ्यावं लागतं. ते डबडं तो माझ्या गाडीशेजारी लावायला निघाला होता. पलीकडच्या गल्लीत सावली आहे असं मी सुचवलं.

जेवणानंतर त्याला टर्बोचा जोर दाखवायला नेलं. सिग्नल सुटल्याबरोबर पाय दाबला. टर्बो जरा विचार करून येतो. आला तेव्हा पुढचा सिग्नल लाल झाला होता. मेव्हणा म्हणाला, सीटा मस्त आहेत. जळतो.

२१ मे

सर्व्हिसिंग झालं. ठकीने त्याच दिवशी किल्ली मागितली. मी म्हटलं, टायर अजून रुळायचे आहेत. रुळतात का, असं तिने विचारलं. विषय बदलला.

मेव्हणा तिला रविवारी डबड्यावर शिकवतो म्हणे. शिकवू दे. पाया त्याने घालावा, कळस मी चढवीन.

१३ जून

ऑफिसात गाडी सर्वांत लांबच्या कोपऱ्यात लावतो, म्हणजे कुणाचं दार लागत नाही. तिथून चालत येण्यात वेळ जातो, त्याआधी टर्बोची दोन मिनिटं. साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. तांत्रिक आहे म्हटलं. साहेबांनी चष्मा काढला.

मायलेज सांगितलं होतं तेवढं पडत नाही. ही म्हणते, गाडी उभ्याउभ्याच पेट्रोल पिते. खालच्या मजल्यावरच्या आजी मी आलो की खिडक्या लावून घेतात. हिला तांत्रिक अंग नाही, आजींना तर नाहीच.

२५ जून

आज ड्रायव्हरची सीट कुणीतरी पुढे ओढलेली आढळली. बसलो तर गुडघे स्टिअरिंगला. चौकशी केली. ठकी. चालवली नाही, नुसती बसले होते, म्हणाली. नुसतं बसून काय मिळतं, मी विचारलं. काही नाही, म्हणाली.

सीट पुन्हा माझ्या मापाला आणताना नाकी नऊ आले. यापुढे विचारल्याशिवाय बसायचं नाही, असं सांगितलं. प्रेमानेच सांगितलं. ही म्हणाली, ती दोन आठवड्यांनी जाणार आहे, मग काय सीट हलायचीच नाही. मी म्हटलं, तेच तर म्हणतोय. हिने कुकर जरा जोरातच आपटला.

६ जुलै, गुरुवार

परवा निघायचं. पहाटेपासून शेजारच्या प्लॉटवर खोदकाम सुरू. धुळीचे लोट. ज्या गाडीचं सगळं बळ श्वासात, तिला ही धूळ म्हणजे विषच. बॉनेट उघडून पुस्तिकेतल्या चित्राबरहुकूम हवा आत जाते ते नळकांडं शोधलं. गाडी पुसायचं माझं खास पिवळं फडकं त्यात घट्ट कोंबलं. असा विचार हजारात एखादाच करत असेल. निघताना काढायचं. लक्षात राहीलच.

ठकीशी बोलायचे मुद्दे काढले. एकूण चार. पहिला, वेळेवर जेवत जा. उरलेले तीनही साधारण तेच आहेत.

७ जुलै, शुक्रवार

पिवळं फडकं गायब. सगळं घर पालथं घातलं. या घरात कुणी एक वस्तू जागेवर ठेवेल तर शपथ. ही म्हणाली, तुम्हीच कुठे ठेवलंत ते आठवा. मी वस्तू जागेवर ठेवणारा माणूस आहे, हे वीस वर्षांत कळू नये? शेवटी काचा जुन्या बनियनने पुसल्या.

सामान आज भरायचं नाही. रात्रभर वजन राहिलं तर स्प्रिंग बसतात. सकाळी आधी पेट्रोल आणि हवा, मग सामान, मग प्रस्थान. खोलीची किल्ली दुपारी चारपर्यंतच मिळते, म्हणजे वेळेचं काटेकोर नियोजन हवं. ते माझ्याकडे आहे.

ठकीने विचारलं, घाट राहू दे, पण सरळ रस्त्यावर तरी थोडी चालवू का? मी म्हटलं, सरळ रस्त्यावर मला तुझ्याशी बोलायचं आहे. पुढच्या वेळी नक्की. ती बरं म्हणाली. नेहमी वाद घालते, आज नुसतं बरं म्हणाली. शहाणी झाली पोर.

८ जुलै, शनिवार, सकाळी, उड्डाणपुलाच्या चढावर

गाडी ओढत नाही. घरापासून पंपापर्यंत उतार, तिथवर ठीक. परत येताना चढ लागला आणि दमच संपला. पाय पूर्ण दाबला तरी एक सायकलवाला पुढे गेला. मागून काळा धूर. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. रोजनिशी गाडीत ठेवत असल्यामुळे वेळ कारणी लागतो आहे.

पुलाखालचा गॅरेजवाला आपणहून वर आला. बॉनेट उघडू का, म्हणाला, बघतो घोडं कुठे पेंड खातंय ते. मी हात लावू दिला नाही. टर्बोचं काम आहे. कंपनीचाच माणूस येईल. फोन केलाय. निघालोच, म्हणतात.

त्याच दिवशी, अजून तिथेच

निघालोच, म्हणतात.

हिचे पाच फोन. सामान जिन्याखाली, ठकी फाटकाशी, किल्ली चारपर्यंत. मेव्हण्याला बोलावू का, विचारलं. परिस्थितीचा थंड डोक्याने विचार करून परवानगी दिली. तुम्ही पुढे व्हा, मी घाटाच्या आधी गाठतो, म्हटलं. टर्बो आहे. पलीकडे कुणीतरी हसलं. मेव्हणाच असणार.

गॅरेजवाला मधे दोनदा डोकावून गेला. दुसऱ्यांदा त्याने नुसतंच बॉनेटकडे बोट केलं. मी मान फिरवली.

साडेनऊला, तिथेच

समोरून डबडं गेलं. पुलावरून जावं लागतं, दुसरा रस्ता नाही. टपावर गादी, गादीवर सायकल, दोरीच दोरी. सगळ्यांनी हात केला. मीही केला. ठकी पुढच्या सीटवर होती. मान वळवून बराच वेळ बघत होती. गाडीकडे बघत असावी.

संध्याकाळी, घरी

कंपनीचा माणूस चारला आला. बॉनेट उघडलं, नळकांड्यात दोन बोटं घातली आणि जादूगारासारखं माझं पिवळं फडकं बाहेर ओढलं. गाडी तत्क्षणी ठणठणीत. हे इथे कुणी ठेवलं, त्याने विचारलं. आता असल्या शोधात अर्थ नाही, असं मी सांगितलं. फडकं तरी सापडलं.

त्याच वेळी ठकीचा मेसेज. बाबा, पोचलो. किल्ली मिळाली. घाट पूर्ण मी चालवला!! मामा शेजारी झोपला होता. आणि थांबल्यावर इंजिन लगेच बंद केलं, काही झालं नाही. खाली एक फोटो. डबड्याच्या स्टिअरिंगवर हात, केस विस्कटलेले, तोंडभर हसू.

असं हसताना तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

छान, असं उत्तर पाठवलं. मग, वेळेवर जेवत जा. बाकीचे मुद्दे सुचेनात.

९ जुलै, रविवार

ही मेव्हण्याबरोबर परत आली. दमलेली, पण खुशीत. पोरगी घाटात एकदाही अडखळली नाही, म्हणाली. मी म्हटलं, पाया चांगला घातला गेलाय. हिने काहीच टोमणा मारला नाही. माझ्या पानात भाजी जास्त वाढली. त्याने जास्तच वाईट वाटलं.

१६ जुलै, रविवार

गाडी आठवडाभर उभी. ऑफिसला बसने जातो. वेळेवर पोचतो. साहेबांनी त्याचंही कारण विचारलं.

आज फडक्याने गाडी पुसली. मागच्या सीटच्या फटीत ठकीचा रबरबँड सापडला, तिथेच राहू दिला. आत बसून इंजिन चालू केलं आणि दोन मिनिटं दिली. कुठे गेलो नव्हतो, त्यामुळे काही तापलेलं नव्हतं. शेजारची सीट रिकामी. चारही मुद्दे तिथे बोलून पाहिले. एक मिनिटही लागलं नाही.

पहिल्या सुट्टीला ती येईल. स्टॅंडवर घ्यायला जाईन आणि तिथूनच किल्ली देईन. या वेळी सर्व्हिसिंग नाही, टायर नाहीत, काही नाही. लगेच तयार असावी म्हणून ड्रायव्हरची सीट आजच तिच्या मापाला पुढे ओढून ठेवली आहे. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. चालतंय. मला तरी कुठे जायचंय.