तळहातावरचा वस्तरा

आबा,

आज सकाळी स्टेशनच्या रस्त्याला नव्याने निघालेल्या सलूनमध्ये गेलो होतो. आरशाच्या वर काचेच्या चौकटीत परवाना टांगलेला होता. खुर्चीत बसण्याआधी मी जवळ जाऊन तो सगळा वाचला. नाव, चालू वर्ष, म्युनिसिपालिटीचा शिक्का. दुकानदार तुमच्याच वयाचा, म्हणजे तुम्ही गेलात त्या वयाचा. तो हसत म्हणाला, "वाचा भाऊ, वाचा. हाई खूळ तुमनंच शे." मीही हसलो आणि बसलो. पुढे काय झालं ते सांगण्यासाठीच हा कागद घेतला आहे, पण त्याआधी तुमच्याशी त्या जुन्या दिवसाबद्दल बोलायला हवं. बारा वर्षांत त्याबद्दल आपण कधी बोललोच नाही.

त्या वर्षी गावात दाढीच्या फोडांची साथ आली होती. एका कापडवाल्या मारवाडी शेठजींची हनुवटी इतकी सुजली की त्यांना महिनाभर भाकरी चावता येईना. मी वाचनालयात बसून मिळतील ती पुस्तकं चाळली आणि मला कळलं, रोग वस्तऱ्यावरून एका गालावरून दुसऱ्या गालावर जातो. मग मी गप्प कसा बसणार? बाजारचौकात मी सभा घेतली. म्हणालो, गळ्याला वस्तरा लावणाऱ्याला परवाना विचारायची लाज कसली? दुधात पाणी आहे का ते विचारता, मग पात्यावर रोग आहे का ते का नाही? लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही गर्दीच्या मागे, काखेत वस्तऱ्या-कात्रीची धोकटी धरून उभे होतात. सभा सुटल्यावर जवळ आलात आणि एवढंच म्हणालात, "घसा बसना तुन्हा. पाणी पिस का?"

तीन महिन्यांत नियम झाला. वस्तरा उकळायचा, उकळल्यावर स्वच्छ फडक्याखेरीज कशालाही लावायचा नाही, हे करून दाखवील त्यालाच परवाना. नियम माझ्या बडबडीतून निघालेला, म्हणून तपासणीला इन्स्पेक्टरसाहेबांच्या शेजारी साक्षीला मलाच बसवलं. कचेरीच्या अंगणात शेगडीवर पातेलं ठेवलेलं. एकेक न्हावी येतो, वस्तरा उकळतो, पुढ्यात बसवलेल्या शिपायाची दाढी करतो. चौथे तुम्ही. धुतलेला सदरा, डोक्याला नवं मुंडासं. चिमट्याने वस्तरा बाहेर काढता, फडक्यावर ठेवता, शिपायाच्या गालाला साबण लावता, सगळं नियमाप्रमाणे. मी मनात म्हणतो, झालं. आणि तुम्ही वस्तरा उचलता आणि डाव्या तळहातावर तो दोनदा फिरवता, उलटा आणि सुलटा.

चाळीस वर्षं तुम्ही ते करत होतात. त्या तळहातावर करंगळीच्या खाली एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा पडला होता. लहानपणी तुम्ही माझ्या कपाळावरून हात फिरवलात की तेवढीच जागा गार लागायची. धार लागली की नाही हे तुम्हाला डोळ्यांनी कळत नव्हतं, हाताला कळायचं. हातावर न फिरवता वस्तरा माणसाच्या गळ्याला लावणं तुमच्या लेखी पाप होतं. आणि नियमाच्या लेखी हातावर फिरवणं.

इन्स्पेक्टरसाहेब खाली मान घालून तुमचं नाव लिहीत होते. त्यांनी पाहिलं नव्हतं. शिपायाचे डोळे मिटलेले. पाहिलं फक्त मी. आणि मी म्हणालो, "साहेब, वस्तरा हातावर फिरवला."

"कुणी?"

"अर्जदाराने."

'आबांनी' असं माझ्या तोंडून आलं नाही. अर्जदाराने. बाकीचे न्हावी खाली बघायला लागले. तुम्ही आपल्या हाताकडे पाहिलंत, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा, आणि म्हणालात, "बरोबर शे साहेब. फिरायना हात." शिपायाचा साबण तुम्ही स्वतः पुसलात, त्याला राम राम केलात, धोकटी बांधलीत आणि गेलात. साहेबांनी सांगितलं होतं, पुढच्या महिन्यात परत या. तुम्ही परत गेला नाहीत.

दुपारी मी घरी आलो तेव्हा आई चुलीपुढे होती. तिने माझ्यापुढे ताट सरकवलं. "बापले नापास करी उना. आते भाकर खा." मी तिला समजवायला लागलो, की नियम सगळ्यांना सारखा, आपल्या माणसाला सोडलं तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवणार. तुम्ही ओट्यावरून आत न बघता म्हणालात, "त्याले जेवू दे. खरं तेच बोलना तो." आबा, तुम्ही मला एक थोबाडीत दिली असती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

नियम चुकला होता असं मी आजही म्हणणार नाही. साथ ओसरली, शेठजींची हनुवटी बरी झाली, आणि पुढच्या वर्षी आजूबाजूच्या गावांनी आपला नियम मागवून नेला. माझं बोलणं खरं होतं. पण खरं बोलायला मला कुणी शिकवलं? शेठजींच्या पेढीवरून तुम्ही जुनी वर्तमानपत्रं आणायचात, वस्तरा पुसायला चौकोनी तुकडे कापण्यासाठी. मी अक्षर न् अक्षर वाचून होईपर्यंत तुम्ही त्यांना कात्री लावत नसायचात. स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. "वाचायनं का?" एवढंच विचारायचात. माझी सगळी भाषणं त्या कागदांतून आली, आणि त्यातलंच एक तुमच्यावर गेलं.

मग गावात कडुनिंबाखाली तुम्ही दाढ्या करायला बसायचात ती जागा सुटली. कोरीट हे गाव म्युनिसिपालिटीच्या हद्दीबाहेर, तिथे परवाना कुणी विचारत नव्हतं. रोज पहाटे तुम्ही पायी कोरीटला जायला लागलात. एका रविवारी अंगणात पाट टाकून मला हाक मारलीत, "ये, बठ. घरमा तरी परवाना लागत नही ना?" तुम्ही पाणी उकळलेलं होतं. शेजारी फडकं घडी करून ठेवलं होतं. सगळं नियमाप्रमाणे मांडलं होतंत, फक्त माझ्यासाठी. आणि मी, गावभर सांगत फिरणारा मी, म्हणालो की लोक बघतील, मलाच नियम पाळायला हवा. तुम्ही पाट उचललात. पाणी तुळशीला घालता येत नव्हतं, गरम होतं. ते निवेपर्यंत तुम्ही तिथेच उभे राहिलात.

शेवटच्या आजारात तुमची दाढी वाढली तेव्हा मी बाजारातून परवानेवाला न्हावी आणला. तुम्ही डोळे किलकिले करून मला विचारलंत, "तेन्हा परवाना देखा का तू?" मी म्हणालो, देखा. तुम्ही हसलात. ते हसणं टोमणा होतं की माया, मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही तर दोन्ही एकाच वाक्यात करायचात.

आणि आज सकाळी. त्या सलूनवाल्याने वस्तरा उकळला, फडक्यावर ठेवला, माझ्या गालाला साबण लावला. आरशात मला त्याचे हात दिसत होते. मग त्याने वस्तरा उचलला आणि तळहातावर दोनदा फिरवला, उलटा आणि सुलटा. तो आवाज आबा, तो कोरडा बारीक आवाज मी बारा वर्षांत ऐकला नव्हता. आरशात आमची नजरानजर झाली आणि त्याचा हात थांबला. तो मला ओळखत होता, मी काय बोलणार हे त्याला ठाऊक होतं. परवाना डोक्यावर टांगलेला होता, तो काढून घ्यायला माझा एक शब्द पुरे होता.

मी डोळे मिटले आणि मान वर केली.

हा कागद घडी करून वाचून झालेल्या वर्तमानपत्रांच्या रद्दीत ठेवतो आहे. उद्या मी त्याच दुकानात जाणार आहे, आणि दाढी वाढलेली नसेल तरी जाणार आहे.