चार सुताचा टॅप

१२ नोव्हें., मंगळ
अश्विनीच्या आईची चक्की तिसरा दिवस बंद. गल्लीतले डबे चौकातल्या चक्कीवर जाऊन राहिले. मोटरच्या बैठकीतलं एक भोक गेलं. बोल्ट धरणारे वरचे आटेच नाहीत, बोल्ट नुसता फिरतो. काकू म्हणतात, जुनी मशीन, होनारच.
मशीन नाही, मी. परवा मोटर आवळताना बारा एमएमचा बोल्ट लावत होतो, दोन फेऱ्यांत अडला. तेवढ्यात काकू गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "अकोल्याचं कॉलेज सोडून आलं थे पोट्टं, आता पाने फिरवून राहिलं." सटकली. पान्याला पाइप घातला अन् लोंबकळलो. कर्रर्र.
अश्विनी त्याच कॉलेजात आहे अजून. शनिवारी येणार. काकूंनी तिला काही सांगितलं तर...

१३, बुध
ज्यांच्याकडे काम शिकतो त्या गजूमिस्त्रींना खरं सांगितलं. ओरडले नाहीत, तेच लागलं. आटे पाडायच्या टॅपांचा डबा पुढे सरकवला.
"कोनता टॅप घेशीन?"
"बाराचा."
"बारानंच मारलं ना लेका त्याले! बाजूचा जुना बोल्ट काढून आन."
आणला. बाराचा टॅप त्याला चिकटवून उजेडाकडे धरला. दातात दात बसेना, फटीतून उजेड. मग चार सुताचा, म्हणजे अर्धा इंची. बसला. उजेड बंद. जुन्या मशीनचं माप इंचातच.
मी म्हटलं, पाच सुताचं भोक करून मोकळे होऊ. म्हणाले, "वाढवलेलं भोक लहान नाई होत, बापू. खालचे आटे जिते आहेत, थे वाचव."

१४, गुरु
भोक आरपार नाही. तीन टॅपांच्या सेटमधल्या पहिल्याचं टोक निमुळतं, तळापर्यंत आटे पाडत नाही. तिसरा पाडतो, पण त्यानंच सुरुवात केली तर वाकडा घुसतो. म्हणून पहिला, दुसरा, मग तिसरा. बैठक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, तिला तेल लागत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव मागे.
एकदा अडला. हात आपोआप पाइपाकडे. काकू पाहत होत्या. पाइप पायानं सारला. टॅप काढला, काळी भुकटी सायकलच्या पंपानं उडवली.
नवा बोल्ट बोटानं तळापर्यंत गेला. बोटानं!
चक्की सुरू. काकूंनी चहा दिला. सांगणार होतो. चहा पिऊन आलो. साला मी.

१५, शुक्र
सांगितलं. काकू ज्वारी चाळत होत्या, मान वर नाही.
"मालूम आहे. आवाज आला ना मले. कान फुटले का माये?"
"मंग बोलल्या काहून नाई?"
"तू बोलतो का थे पाहून राहिली होती."
रागावल्या का? कळलं नाही. चाळणी चालूच.

१६, शनि
अश्विनी आली. दळणाच्या निमित्तानं गेलो. डब्यात गहू जेमतेम पाव किलो, ती हसली.
"आई, कोनं बिघडवली होती व चक्की?"
"यालेच विचार." काकू आत गेल्या.
अश्विनीनं चक्कीचं बटण बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. पट्टा थांबायला वेळ लागतो. तेवढाच वेळ घेतला, मग म्हटलं, "मी."