नाव घेण्याआधी

दिलसुखनगर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

ती. मालनआत्यास,
मागच्या बाकावरून त्रिवेणीचा नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. शनिवारी जामबागला येऊन तुझं दार वाजवलं होतं. आत कुकरची शिट्टी झाली, म्हणजे तू घरातच होतीस. दुसरी व्हायच्या आत मी जिना उतरले.

इकडे बरं आहे. आईचा गुडघा परवापासून कमी दुखतो. खालच्या कोचिंग क्लासनं नवा माइक आणलाय, त्यामुळे फिजिक्स आता आम्हालाही येऊ लागलंय. मला मात्र चैन नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की फोन बघावासा वाटतो. आज चहा दोनदा केला आणि दोनदा ओट्यावरच विसरले.

गाण्याबद्दल तुला काही ऐकायचं नसेल. तरी लिहिते, कारण तुझ्या वर्गात हाच नियम होता. चूक केली की ती स्वतःच्या हातानं लिहून आणायची, पूर्ण लिहायची, आणि त्यात 'पण' घालायचा नाही.

तर, 'हरवले' हे माझं पहिलं रॅप गाणं. विकासच्या खोलीत केलं. तो माझा कॉलेजातला मित्र, बीट तो बनवतो. भिंतींना गाद्या टेकवायच्या, पंखा बंद करायचा आणि घाम पुसत गायचं, असा आमचा स्टुडिओ. या शहराबद्दल, इथं हरवणाऱ्या माणसांबद्दल मी पानंच्या पानं लिहिली होती. फिरून फिरून येईल, लोकांच्या तोंडी बसेल अशी एक ओळ तेवढी मिळत नव्हती. लिहायची नि खोडायची, असे तीन महिने गेले. शेवटी विकास म्हणाला, "यार, सगळं कडक आहे, पण जान नाही ह्याच्यात. काही तरी घरातलं आण ना."

घरातलं म्हणजे बाबांच्या कॅसेटी. दिवाळीत तुझी खोली रंगवायला काढली तेव्हा तो डबा तू मला दिलास. त्यात तुझ्या लग्नाची कॅसेट होती. बायका "नाव घे, नाव घे" म्हणून मागे लागल्यात, बाबा टेपरेकॉर्डर पुढे धरून सगळ्यांना गप्प करताहेत, आणि बावीस वर्षांची तू, जराही न अडखळता:

नामपल्लीच्या फलाटावर गर्दी जमली क्षणात,
प्रतापराव हरवले तिथं, सापडले माझ्या मनात.

आणि मग तू हसलीस. आत्या, तुझं असं हसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ओठ मिटून हसताना तुला पाहिलंय, शाळेत, कुणी फळ्यावर चुकलं की. हे मोठं होतं, मोकळं. मी ते परत परत ऐकलं आणि रडले. आणि ताल काय पक्का! विकासनं खाली बीट टाकला, तुझा एक शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही.

एकतीस तारखेला, शुक्रवारी, गाणं आलं. पहिल्या आठवड्यातच दोन लाख लोकांनी ऐकलं. मेट्रोत दोन तेलुगू मुली तुझा उखाणा म्हणत होत्या, अर्थ न कळता. मला ओळखून "अक्का, अक्का" करत फोटो काढायला आल्या. मी आनंदानं वेडी झाले होते. ते खरं आहे म्हणून तेही लिहिते.

आता राहिलेलं.

डबा देताना तू म्हणाली होतीस, "निळ्या कव्हरची तेवढी काढून दे, मला जाळायची आहे." मी निळ्या कव्हरमधली तुझ्या लग्नाची कॅसेट काढून घेतली आणि त्यात बाबांच्या भजनांची घालून तुझ्या हातात दिली. तू गच्चीवर जाळलीस ती भजनं होती. मी शेजारी उभी राहून बघत होते.

विकासनं विचारलं होतं, "आत्याला विचारलंस ना?" मी म्हटलं, "हौ, बोलले मी तिला."

उखाण्यातले ते शारजाला गेले आणि परत आले नाहीत, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून आपल्या घरात ते नाव कुणी काढत नाही. मला हे सगळं माहीत होतं. जे नाव तू तोंडातून काढून टाकलंस, ते मी तुझ्याच आवाजात गावभर वाजवलं. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी फोनवर तुला तुझाच आवाज ऐकू आला आणि तू पिशवी तिथंच ठेवून घरी निघून आलीस, हे आईनं सांगितलं.

अजून एक आहे. ते लिहायच्या आधी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

गुरुवारी गाण्याखाली कुणी तरी लिहिलं, 'ये मेरी मिसेस की आवाज है.' खाली नाव, प्रतापराव. पाठोपाठ मला मेसेज. मालन कशी आहे, तिचा नंबर पाठव, सोळाच्या रविवारी नामपल्लीला तुझा कार्यक्रम आहे ना, मी येतोय, तिलाही बोलाव. पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. जसा काही माणूस फलाटावरून चहा आणायला गेला होता. मी नंबर दिला नाही. उत्तरही दिलं नाही. नंबर तुझा, द्यायचा की नाही तेही तूच ठरव.

गाणं मी काल काढून टाकलं. विकास भडकला, "पागल आहेस का? आत्ता कायकू काढतेस?" मी त्याला खरं काय ते सांगितलं. मग त्यानंच बटण दाबलं. लोकांच्या फोनमधून ते जाणार नाही, एवढं मला कळतं.

आई उद्या हे पत्र घेऊन येईल, सोबत कॅसेट आहे. या वेळी खरी. जाळायची तर जाळ. त्यावर तुझं ते हसणं आहे म्हणून मला वाटतं जाळू नयेस, पण... बघ, आलाच 'पण'. खोडलाय.

रविवारच्या कार्यक्रमात हे गाणं जाहीर झालंय. नावाच्या जागी नुसती शांतता ठेवून पाहिली. विकासच्या तोंडून आपोआप तेच नाव आलं, लोकही तेच ओरडतील. म्हणून नवी ओळ केली, माझ्या आवाजात म्हणायला:

नामपल्लीच्या फलाटावर गर्दी जमली क्षणात,
मालनआत्या हरवली तिथं, सापडली माझ्या मनात.

ते आले तर येवोत. त्या गर्दीत उभं राहून त्यांना स्वतःचं नाव ऐकू येणार नाही.

ही ओळ मी अजून विकासलाही ऐकवलेली नाही. या वेळी आधी तुला विचारतेय. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तुझ्या जिन्यात येऊन बसेन. दार वाजवणार नाही. तू उघडलंस आणि हो म्हणालीस, तरच रविवारी स्टेजवर जाईन. सातपर्यंत उघडलं नाहीस, तर उत्तर समजून खाली उतरेन आणि हे गाणं पुन्हा कधीच गाणार नाही.

तुझं नाव घ्यायची परवानगी मागणारी,
त्रिवेणी