उभ्या बाटल्यांची भिंत

प्रिय बिल्किस,

फोन करायचा सोडून ही बाई पत्र काय लिहीत बसली, असं तू म्हणशील. पण तुझ्या फोनचा स्पीकर कायम चालू, आणि मी काही सांगायला लागले की मागून तुझी जाऊ उत्तर देते. मला मध्येच कुणी अडवलं की पुढचं बोलवत नाही, आणि ह्या वेळी पुढचंच बोलायचं आहे. म्हणून कांचन कामावर गेल्यावर इथं शहरात, उस्मानपुऱ्यातल्या तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात खिडकीपाशी लिहायला बसले आहे. चष्मा लाव आणि सावकाश वाच.

गावच्या फाट्यावर जुन्या दारूच्या दुकानाच्या जागी आता बिअर बार आला, तो बंद करायला बायकांच्या सह्या झाल्या, मतदानाची तारीखही लागली, आणि शुक्रवारच्या सभेत मी बोलायचं, असं तू दोनदा बजावलंस. "सरू, तू नै आई तो औरतां नै जमतीं," म्हणालीस. मी गुडघ्याचं कारण पुढं केलं. गुडघा दुखतो हे खरं, पण गेल्या खेपेला, ते दुकान बंद करताना, ह्याच गुडघ्यावर आपण गाव पालथं घातलं होतं, तेव्हा तुला ते पटलं नसणारच. खरी गोष्ट अशी, की माझी लेक, आपली कांचन, बारमध्ये काम करते. हॉटेलात आहे असं मी गावभर सांगत होते, कारण तिनं मलाही तेवढंच सांगितलं होतं.

मला कळलं ते सांडूमुळे. आपल्या गावचाच तो, इथं टेम्पो चालवतो आणि बारला बिअरची खोकी पोचवतो. भाजी घेताना भेटला आणि म्हणाला, "मावशे, कांचनला लई मान हाय तिथं. तिच्या हुकमाबिगर बाटली हलत नाय." त्याला वाटलं तो पोरीचं कौतुक करतोय. मी मेथीची जुडी तिथंच ठेवून घरी आले. दोन दिवस तिच्याशी काही बोलले नाही. ती विचारायची, आई, बरं नाही का? मी म्हणायचे, गुडघा. त्या गुडघ्याकडून मी फार काम करून घेतलं बघ.

रविवारी संध्याकाळी रिक्षा केली आणि थेट जालना रोडवर तिच्या त्या बारपुढं जाऊन उतरले. भांडायलाच गेले होते, तुझ्यापाशी काय लपवायचं. दारातला माणूस अदबीनं म्हणाला, "मावशी, मंदिर मागच्या गल्लीत आहे." म्हटलं, देवाला सकाळीच भेटले, आता इथंच यायचं आहे. तो बाजूला झाला.

माझ्या डोळ्यांपुढं फाट्यावरचं जुनं दुकान होतं. तो हिरवा मळका पडदा, ते बाकडं, आणि बाहेर पोरं बापाला बोलवायला उभी. इथं तसं काही नव्हतं. लग्नघरात असावा तसा उजेड, मोठ्या पडद्यावर मॅच, आणि गर्दी इतकी की उभ्याउभ्या लोक पीत होते. कॉलेजच्या मुली होत्या. एका टेबलावर माझ्या वयाचे नवरा-बायको मसाला शेंगदाणे खात बसले होते, त्याच्यापुढं ग्लास आणि तिच्यापुढंही ग्लास. मी बघत राहिले, तर ती बाई माझ्याकडं बघून हसली. मीही हसले, काय करणार?

आणि समोर भिंतभर काचेची कपाटं, जमिनीपासून छतापर्यंत, थंडगार. त्यांत बाटल्याच बाटल्या, हिरव्या, तपकिरी, काळ्या, लांब मानेच्या, बुटक्या. परदेशातल्या होत्या, तशा आपल्या इथल्या कारखान्यांतल्याही होत्या. सगळ्या उभ्या. आपण दोघींनी सगळं गाव हलवून एक बाटली आडवी केली होती, बिल्किस. मतपत्रिकेवरची उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद, हे आवडाबाईच्या डोक्यात शिरेपर्यंत आपण तिच्या ओसरीवर चार वेळा पाट आडवा करून दाखवला होता. यादीतल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्यांहून जास्त मतं आडवीला लागतात, न आलेली बाई उभ्या बाटलीच्याच पदरात पडते म्हणून लेकुरवाळ्या बायकाही तू हाताला धरून आणल्या होत्यास. ते सगळं त्या भिंतीपुढं उभं राहून आठवलं आणि मला रडू यायला लागलं. मग म्हटलं, रडायला नाही आलो आपण.

कांचन काउंटरच्या मागं होती. काळा एप्रन, केस घट्ट बांधलेले. ग्लास तिरपा धरून नळाखाली लावायची, फेस वर येईल तसा सरळ करायची. माणसं तिला विचारत होती, ताई, कमी कडू कुठली? ही गव्हाची, हिच्यात संत्र्याची साल, ही काळी, कॉफीसारखी लागेल, असं ती भराभर सांगत होती. ज्याचं ठरत नव्हतं त्याच्यापुढं लाकडी फळीवर चार चिमुकले ग्लास ठेवायची, चाखा आणि मग सांगा. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढायचे तेव्हा कुणाला पातळ लागते, कुणाला करपलेली, हे मला पाठ असायचं. ती तशीच दिसत होती. तुला राग येईल ह्या वाक्याचा, पण दिसलं ते लिहिते.

तेवढ्यात एक तिशीतला माणूस काउंटरला आला. पाय ठरत नव्हते. त्याला आणखी हवी होती. कांचन म्हणाली, "दादा, आता बस. आधी गाडीची चावी द्या." तो ओरडला, तू कौन होती है? पैसे देतो मी! ती आवाज न चढवता म्हणाली, "चावी उद्या घेऊन जा. रिक्षा बोलावली हाय, तवर हे पाणी प्या. समदं प्या." रागात ती आपली बोली बोलते. त्यानं चावी ठेवली आणि पाणी प्यायला. तुला म्हणून सांगते, माझा ऊर भरून आला. पण लगेच दुसऱ्या टेबलाला तिनं बिअरचा चौथा जग हसत हसत दिला, आणि तिथला एक पोरगा तर मान टाकून बसला होता. दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत झालं.

मग तिनं मला पाहिलं. हातातला ग्लास भरून वाहायला लागला तरी नळ बंद करायचं सुचेना. मी कोपऱ्यात खुर्ची होती तिथं जाऊन बसले. थोड्या वेळानं ती स्वतः लिंबू सोडा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, घरी गेल्यावर काय ते बोल, इथं नको." मी सोडा प्यायले. चांगला होता. भांडायला आलेली बाई सोडा पिऊन रिक्षानं घरी गेली. हसू नकोस.

भांडण घरी झालंच. मी म्हटलं, जगात दुसरी नोकरी नव्हती? ती म्हणाली, होती, मोठ्या हॉटेलात चादरी बदलायची, दोन वर्षं केली. इथं ती पूर्ण विभाग सांभाळते, तिच्या हाताखाली माणसं आहेत, आणि तिला हे काम आवडतं. आवडतं, हा शब्द तिनं दोनदा म्हटला. मी म्हटलं, बाप विसरलीस?  ती म्हणाली, "मी नाय विसरले. दुकान बंद झालं म्हनून मी धाव्वी पास झाले. तू आन् बिल्किसमावशी नसता तर मी पन त्या पडद्यापाशी उभी ऱ्हायले असते, बापूला हाका मारत."

खरं आहे ते. तिचे बापू नंतर फुलंब्रीला जाऊन प्यायचेच, पण रोजचं आठवड्यावर आलं. त्यांची शेवटची चार वर्षं घरात भांडं आपटलं नाही. ती चार वर्षं तू मला मिळवून दिलीस, हे मी तुला कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. आता सांगते. आणि कांचन नोकरी सोडणार नाही, मी सोडायला लावणार नाही, हेही सांगते. माझी मुलगी आहे ती.

आता हे सगळं का लिहिलं ते. शुक्रवारी मी स्टेजवर उभी राहिले आणि मागून बारवाल्याच्या माणसानं विचारलं, की तुझी पोरगी काय विकते, तर मान माझीच नाही, तुझीही खाली जाईल. म्हणून माझ्या आधी हे पत्र बोलू दे. सभेत सगळ्यांसमोर वाच. तुझ्या जावेचं तेवढं गाळ, बाकी एक शब्द खाऊ नकोस. वाचून झाल्यावर विचार, सरूनं बोलावं का? बायका हो म्हणाल्या तर फोन कर, मिळेल त्या गाडीनं येते आणि फाट्यावरचा बार बंद झाला पाहिजे असंच बोलते. नको म्हणाल्या तर मला वाईट वाटेल, पण रुसणार नाही. मतदानाला मात्र आम्ही दोघीही येऊ. कांचनचं नाव अजून गावच्याच यादीत आहे, आणि तिनं त्या दिवसाची सुट्टी मागितली आहे, मी न सांगता. ती कुठल्या बाटलीवर शिक्का मारणार हे मी तिला विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस, बिल्किस. तिला फक्त रांगेत तुझ्या पुढं उभी कर.

तुझीच,
सरू