व्याही, गॅस आणि राखीव शेगडी

४ सप्टेंबर २०२२, गुबेन, जर्मनी
रशियाने गॅसचा नळ बंद केला. संकल्प : व्याहीबुवांची माफी मागायची. सरळ, आडपडदा न ठेवता.

व्याही बोगुमिल नदीपलीकडे, पोलंडात. दर नाताळला म्हणायचा, रशियाच्या गॅसवर संसार मांडू नका, एक दिवस गळा धरतील. मी गॅस खात्यातला निवृत्त अधिकारी. दर नाताळला त्याला समजावलं की धंद्याने शेजारी सुधारतो. गेल्या वेळी तर म्हणालो, तुम्हा लोकांना स्वतःच्या सावलीचीही भीती. दोन महिन्यांत युद्ध. फार लागलंय मनाला. उद्याच जातो.

५ सप्टेंबर
गुडघा दुखतोय. पूल ओलांडणं बरं नव्हे.

९ सप्टेंबर
लेकीचा, आंत्येचा फोन. ६ नोव्हेंबरला झोशाचा बाप्तिस्मा. म्हणाली, बाबा, त्याच्या आत सासऱ्यांना सांगा की तुमचं बरोबर होतं. नाहीतर जेवायच्या टेबलावर तुमची खुर्ची नसेल. नातीच्या बाप्तिस्म्याला आजोबाला खुर्ची नाही? 

११ सप्टेंबर
झकास कल्पना! बोगुमिलने युक्रेनहून पळून आलेल्या हालिनाला आणि तिच्या दोन मुलांना वरच्या खोलीत ठेवून घेतलंय. तिथे खोली तापवायला लाकडाची शेगडी नाही. त्याने आपल्या बैठकीतली वर द्यावी, बदल्यात मी त्याला नवी कोरी देतो. बर्लिनवाले रणगाड्यांचं असंच करतायत : तुमचे जुने युक्रेनला द्या, नवे आम्ही देऊ. ऑगस्टच्या घबराटीत मी दोन शेगड्या घेतल्यात, तळघरात पडून आहेत. फोन केला. त्याने लगेच उचलून वर नेलीसुद्धा. भाबडा माणूस!

माफीपेक्षा कृती केव्हाही बरी.

१८ सप्टेंबर
शेगडी द्यायचीच आहे. पण दोन्हींपैकी कोणती? विचार हवा. घाईची मदत ही मदत नव्हे.

२७ सप्टेंबर
रशियाच्या गॅसची समुद्रातली पाईपलाईन फुटली. बातमी ऐकून आधी हायसं वाटलं. पाईपलाईनच राहिली नाही, तर माफी कशाची? बायको, रोजविटा म्हणाली, नवरा म्हणून सांगायची लाज वाटते. मलाही वाटते. जेवण गेलं नाही.

१५ ऑक्टोबर
गारठा. आंत्ये सांगते, सासरे बैठकीत कोट घालून बसतात, तक्रार मात्र नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं. रोजविटाने विचारलं, दुसरी शेगडी कशाला ठेवलीय? म्हटलं, राखीव. म्हणाली, हो, पहिलीला एकटं वाटू नये म्हणून!

३० ऑक्टोबर
माफीचा मसुदा झाला. दीड पान. रोजविटा म्हणे, 'तुमचं बरोबर होतं' एवढंच म्हणायला जीभ झिजते का? तिला सरकारी कामकाज माहीत नाही.

५ नोव्हेंबर
शेगडी गाडीत चढवली. अखेर! धुराड्याचा पाईप मात्र मागे ठेवला. आपल्यालाच लागला तर? परिस्थिती बघून पाठवू. आज मन हलकं आहे. बरंचसं.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी
चर्च छान झालं. मग त्यांच्या घरी. खुर्ची होती! बोगुमिलने शेगडीभोवती चक्कर मारली, हात फिरवला, म्हणाला, देखणी आहे, पण व्याहीबुवा, धूर कुठून जाणार? म्हटलं, पाईप पुढच्या टप्प्यात. कोणी हसलं नाही.

मग उभा राहून वाचलं : चुका झाल्या. बोगुमिल शांतपणे म्हणाला, कोणाच्या? 'माझ्या' म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं, तसं म्हटलं तर दोन्हीकडच्या.

त्याने कोबी-मांसाच्या बिगोसचं पातेलं उचललं आणि वर हालिनाकडे घेऊन गेला, तिथे ऊब होती. मागून आंत्ये, झोशाला कडेवर घेऊन. मग ताटं घेऊन रोजविटासुद्धा. वरून हसण्याचा आवाज आला. मी खाली, कोट घालून, नव्या शेगडीजवळ.

थोड्या वेळाने आंत्ये जिन्यात आली. मी उठलो. म्हणाली, बाबा, जिन्याचं दार लावून घ्या, वरची ऊब खाली जातेय.

लावून घेतलं.