बाबा, आता ती दोन बटणं पुरे

बाबा,

तुम्ही फिरून याल तेव्हा मी ऑफिसात असेन, म्हणून ही चिठ्ठी की-बोर्डवर ठेवतेय.

कम्प्युटरवरची खिडकी झटकन बंद करायला ऑल्ट आणि एफ-फोर एकदम दाबायचं, हे तुम्हाला शिकवून मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला. तेव्हापासून मी खोलीत पाऊल टाकलं की तुम्ही ती बटणं अशी दाबता, जणू घरात पोलीस शिरलेत. त्या धांदलीत परवा माझा अर्धा अहवाल उडाला. तो मी रात्री जागून पुन्हा लिहिला.

आज मात्र तुम्ही बटणं दाबून थेट चपलाच घातल्या. मागे कम्प्युटर विचारत राहिला, ‘लिहिलेला निरोप पाठवलेला नाही, तरी बंद करू?’ तुमच्या वतीने मी ‘नको’ म्हटलं. तेव्हा ती जोडीदार शोधायची साइट दिसली. मुद्दाम नाही वाचलं. दोनदाच वाचलं.

तिथल्या त्या ग्रंथपालबाई रविवारी चहाला बोलावतायत आणि तुम्ही ‘हो, जरूर’ लिहून नुसते बघत बसलात? ‘उत्तम स्वयंपाक येतो’ ही थाप मात्र तुमची तुम्ही निस्तरा. तुम्हाला अंडंसुद्धा उकडता येत नाही.

तुमच्या चिरंजीवांशी संध्याकाळी मी बोलते. थोडी आदळआपट करतील, मग निवळतील.

आणि कम्प्युटरवर बसताना आईंचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवत जाऊ नका. त्यांना कसली शिक्षा? मी तो सरळ केलाय.

निरोप तसाच उघडा आहे. आता ऑल्ट नाही, एफ-फोर नाही. नुसतं एंटर दाबा.

तुमची सून