सहा गोळ्यांचा चहा

४ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुला इन्सुलिन सुरू केल्याचं कळलं. चाळीस वर्षं बेकरीत बन आणि केक विकलेस, शेवटी साखर तुझ्यावरच उलटली! सोबत गोड गोळ्यांची डबी पाठवते आहे. एक गोळी चमचाभर साखरेइतकी गोड असते. आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर ह्याच तपासतो. मैदा काय, बटाटा काय, पोटात गेल्यावर त्याची साखरच होते आणि रक्तात उतरते. गोळी फक्त जिभेला फसवते, रक्ताला तिचा पत्ताही लागत नाही. तेव्हा घरात साखरेचा कणही ठेवू नकोस. तुझा सढळ हात मला माहीत आहे.

वहिनी गेल्याला तीन वर्षं झाली. मी येते म्हटलं की तू नको म्हणतोस. वेळेवर जेवतोस ना?

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

१२ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

डबी पोचली. आधी तिची परीक्षा घेतली. दोन पेल्यांत कोमट पाणी आणि यीस्ट, एकात साखर, दुसऱ्यात तुझ्या गोळ्या. साखरेचा पेला दहा मिनिटांत फसफसून वर आला. तुझा पेला मख्खासारखा बसून राहिला. चाखला तर चांगला गोड! यीस्टला तू काही फसवू शकली नाहीस. मग साखरेचा डबा खालच्या शिंपीणबाईंच्या दारापाशी ठेवून आलो.

दोन्ही वेळा पोटभर जेवतो. यायची दगदग करू नकोस.

काळजी कमी कर, माया असू दे.

तुझा,
दादा

२१ जून

ताईंना स. न. वि. वि.

तुमची माझी ओळख नाही. मी बेकरीवाल्या काकांच्या खाली राहते, शिलाईचं काम करते. पाकिटावरून तुमचा पत्ता घेतला. तुम्हाला कळवू नका असं काका बजावून म्हणाले होते, पण मला राहवेना.

मंगळवारी दुपारी वर कप फुटल्याचा आवाज झाला, म्हणून धावले. नशीब, दाराला कडी नव्हती. काका घामानं निथळत बसले होते, हात लटलटत होते. सकाळी इंजेक्शन घेतलेलं, जेवण ओट्यावर तसंच झाकलेलं. उपाशीपोटी इंजेक्शनानं रक्तातली साखर उतरली म्हणून त्यांनी चहात सहा गोळ्या टाकल्या होत्या. मी खालून साखर आणून पाणी पाजलं, तेव्हा पंधरा मिनिटांनी माणसात आले.

ते रोज दोन वेळा रांधतात, वास खाली येतो. पण बरंचसं तसंच बाहेर टाकतात. लहान तोंडी मोठा घास घेतला, माफी असावी.

तुमची,
शिंपीण

२५ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मला सगळं कळलं आहे. शिंपीणबाईंवर रागावू नकोस. साखर एकदम उतरली तर खरी साखरच लागते, तिथं गोळी कुचकामी. हे मी झोपेतही सांगेन, आणि तुलाच लिहायचं राहिलं. वर साखर घराबाहेर काढायला मीच लावलं. गोड आहे म्हणजे चालेल असं समजून तू गोळ्या टाकत बसलास, हे डोळ्यांपुढून हलत नाही.

मी येऊ का? मागच्या वेळी दोन दिवसांत माझी बॅग तूच भरून दिलीस, ते अजून मनाला लागून आहे. न बोलावता पुन्हा दारात उभं राहायचा धीर होत नाही.

उत्तराची वाट पाहते. लोभ असेल तर लवकर लिही.

तुझी,
भिंगरी

२९ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चूक तुझी नव्हे. गोळ्यांनी काही होणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या हाताशी होत्या म्हणून टाकत राहिलो. साखर खाली होती, अवघ्या बारा पायऱ्यांवर, आणि तेवढं बळ पायांत होतं. पण दार वाजवावं लागलं असतं. तीन वर्षांत मी कुणाचं दार वाजवलेलं नाही. जिन्यात उभा राहिलो, आणि परत वर आलो.

तुझी बॅग भरली, कारण तिसऱ्या दिवशी मला तुझी सवय लागली असती. मग तू गेल्यावर हे घर पुन्हा पहिल्यापासून सोसावं लागलं असतं.

ये. किती दिवसांसाठी ते विचारत नाही. मला एकट्याला घास उतरत नाही.

आशीर्वाद तर आहेतच, या वेळी लोभ मीच मागतो आहे.

तुझा,
दादा